इरिकोचा डावा कान

नागानो, २ सप्टेंबर

तोयो आजी,

पत्राची सुरुवात ऋतूने करायची असं तू बजावलं होतंस. तर इथे डोंगरावर सकाळी थंडी वाजते आणि दुपारी पाठ भाजते. झाला ऋतू.

मी जूनपासून लेट्यूसच्या शेतावर आहे. हिवाळ्यात मजुरीला यायचे ते तुझ्या बागेतलं काम बरं म्हणायचं. संत्रं निदान उभ्याने तोडता येतं, इथे दिवसभर वाकून. संध्याकाळी सरळ उभी राहिले की आपण उंच झालोय असं वाटतं. मालकीणबाई चितोसे काकू जेवायला भरपूर वाढतात आणि तेवढंच बोलूनही घेतात. काल म्हणाल्या, "शाळेत कुठवर टिकलीस?" मी म्हटलं, "नकाशापर्यंत. नकाशा बघितला आणि बाहेर पडले." त्यांना ते खरं वाटलं. थोडंफार आहेच म्हणा.

इथून पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नाही. एक मुलगा म्हणतो, होक्काइदोला खेकड्यांच्या कारखान्यात चल. मला खेकड्यांचे डोळे आवडत नाहीत.

पण मी मांजरांचं सांगणार होते. शेडमागे बरीच भटकी मांजरं आहेत. गेल्या आठवड्यात गावातली मंडळी पिंजरे घेऊन आली, मांजरं धरून नेली आणि पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी परत आणून सोडली. आता प्रत्येकाच्या कानाच्या शेंड्याला साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलाच्या, पाकळीसारखी खाच आहे. बोक्यांचा उजवा कान, मांजरींचा डावा. एकदा ही खूण दिसली की त्या मांजराला पुन्हा कुणी धरायचं नाही, त्याचं काम झालेलं आहे. मला लगेच आपली इरिको आठवली. तिचाही डावा कान साकुराचा. कशी आहे ती? सुकटीचं नाव ठेवलंस आणि मांजर मात्र दिवसेंदिवस गोल होत गेली. माझ्या उशीवरचा हक्क अजून सांगते का?

काएदे

बेटावरून, ९ सप्टेंबर

काएदे,

उन्हाचा ताप ओसरत चाललाय, संत्री अजून हिरवीगार आहेत आणि संध्याकाळचा समुद्रावरचा वारा अंगाला बरा वाटू लागलाय. अशी असते सुरुवात. "झाला ऋतू" काय.

माझा गुडघा आहे तिथेच आहे. फोन का उचलत नाही म्हणून मागच्या वेळी रागावली होतीस. अगं, मला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. त्यापेक्षा तू लिहीत जा, तुझं अक्षर वाईट असलं तरी मोठं आहे.

रानडुकरं पलीकडच्या बेटावरून पुन्हा पोहत आलीत. खालच्या ओळीतली झाडं उकरून ठेवलीत. म्हणून इरिकोला जाळीच्या बाहेर सोडतच नाही.

विचारलंस म्हणून सांगते, इरिको बरी नाही. खाणं टाकलंय. जिच्यावरून नाव ठेवलं ती सुकी मासळी पुढे केली तरी तोंड फिरवते. पाणी मात्र पिते की पिते. वाडगं भरून मी वळते तोवर रिकामं. पोट सुटलंय. बोटीवरचा दोरवाला इशिमारु भाजी द्यायला आला होता, म्हणाला, "आजी, घरात पाळणा हलणार वाटतं." मी म्हटलं, "डोळे तपासून घे. कान बघ तिचा." बघितला आणि भाजी ठेवून बोटीकडे निघाला.

उन्हाळा बाधला असेल. सांगायला लाज वाटते, पण जुलैत या बाईने तमाशा मांडला होता. दिवसभर ताटामीच्या चटईवर लोळायची, मागचं अंग वर करून गळा काढायची, आणि बंदरावरचे सगळे बोके माझ्या खिडकीखाली मैफल भरवून बसायचे. मी बादलीने पाणी ओतलं. ऑपरेशन झालेली बाई आणि हे चाळे. तिला म्हटलं, मला विधवा होऊन एवढी वर्षं झाली, मी कधी खिडकीशी उभी राहून अशी ओरडले का? त्या दमणुकीतूनच आजारी पडली असणार. मी तिला भाताची पेज देते, ती पेजेकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

काळजी करू नकोस. संध्याकाळी पायावर ऊबदार काही नसलं तर गुडघा जास्त दुखतो, एवढाच माझा स्वार्थ आहे. ती नसली तर काय, हा विचार मी करत नाही.

खेकड्यांकडे जाऊ नकोस.

ओची तोयो

नागानो, १३ सप्टेंबर, जलद टपालाने

तोयो आजी,

आज ऋतू नाही. हवं तर रागव.

तुझं पत्र काल दुपारी आलं. रात्री जेवताना मी ते चितोसे काकूंना वाचून दाखवलं, कारण बोक्यांच्या मैफलीचा भाग एकटीने वाचण्यासारखा नव्हता. सगळे हसले. विधवेच्या वाक्याला तर काकांच्या नाकात नूडल गेली, ती काढण्यात बराच वेळ गेला. मग माझ्या लक्षात आलं की काकू हसत नाहीयेत. त्यांनी काड्या खाली ठेवल्या होत्या.

"तो लोळण्याचा भाग परत वाच," म्हणाल्या.

वाचला.

"ऑपरेशन झालेली मांजर माजावर येत नाही. ही आली होती."

मी म्हटलं, "पण तिचा कान साकुराचा आहे."

"कान कापताना कुणी बघितलंय?"

आजी, कुणीच नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बंदरावरून ती तुझ्या दारात आली तेव्हा कान तसाच होता. बेटावरच्या सगळ्या मांजरींचे तसेच होते, म्हणून हिचाही तोच, असं तूही मानलंस, मीही.

मग काकूंनी त्यांच्या कुत्रीचं, गोमाचं, सांगितलं. गेल्या वर्षी गोमा माजावरून उठली आणि काही आठवड्यांनी असंच पाणी पाणी करू लागली, खाणं बंद, पोट फुगलेलं. काकूंना वाटलं उन्हाळा, म्हणून कलिंगड दिलं. शेवटी डॉक्टरकडे नेलं तर गर्भाची पिशवी पुवाने भरलेली. "आणखी एक दिवस कलिंगड देत बसले असते तर गोमा गेली असती," म्हणाल्या. पिशवी काढली म्हणून आज ती पडवीत झोपून घोरतेय. काही जणींना बाहेर डाग पडतात, तेव्हा निदान कळतं. ज्यांना पडत नाहीत त्यांचा पू आतच कोंडतो, ते जास्त वाईट. तू डागांचं काही लिहिलं नव्हतंस.

म्हणून आज सकाळी उजाडताच फोन केला. एवढं ओरडून बोलले की शेजारच्या शेतातले लोक उभे राहिले. पिशवीत पू झालाय, आजच पोट उघडायला हवं, नाहीतर जीव जाईल. तू एवढंच म्हणालीस, "समजलं. निघते." आणि ठेवून दिलास. मला इतकं हलकं वाटलं.

पण मग दुपारी शेतावर कुणाचा तरी फोन आला. काकूंनी घेतला. मागे यंत्राचा धडधडाट, आणि एक माणूस विचारत होता की काएदे जिवंत आहे का. काकू म्हणाल्या, "भूक बघता आहे." तेवढ्यात फोन तुटला. हे काय होतं? तुझा फोन नुसता वाजतोय. मी खोक्यांमध्ये लेट्यूस उलटे भरले, काकांनी ते न रागावता सरळ केले, यावरून माझा चेहरा कसा असेल ते बघ.

काहीही झालं असेल तरी कळव. वाईट असेल तरी.

काएदे

इमाबारी, १७ सप्टेंबर

काएदे,

इकडे शहरात अजून उकडतंय, पण पुतणीच्या अंगणातलं गवत संध्याकाळी किड्यांच्या आवाजाने भरून जातं, शरद जवळ आल्याचं त्यावरून कळतं.

इरिको जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं, पण पद्धत ती पद्धत.

आता तू नीट बसून वाच. कोणाच्या पिशवीत पू झालाय, ते तू फोनवर सांगितलंसच नाहीस. मला ऐकू आलं ते असं: काएदे, पिशवी, पू, आजच, जीव. "काएदे बोलतेय" यातलं "बोलतेय" हुकलं. उरलेलं मी मनाने भरलं.

तुला आई नाही हे मला माहीत आहे. पोट उघडतात तेव्हा बाहेर बाकावर कुणीतरी आपलं माणूस बसलेलं असावं लागतं. नसलं तर माणूस गुंगीतून परत यायला आळस करतं, असं माझी सासू म्हणायची. म्हणून मी चांगलं जाकीट काढलं, भाताचे गोळे बांधले आणि निघाले. आजारी मांजरीला एकटं कसं ठेवणार? तिला संत्र्याच्या टोपलीत घातलं, वर कापड बांधलं. तिने विरोधही केला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

नवरा गेल्यापासून मी बेट सोडलेलं नव्हतं. इशिमारु दोर सोडता सोडता थांबला. "आजी, कुठे?"

"नागानोला."

"मांजर घेऊन?"

"काएदेचं पोट उघडणार आहेत."

त्याने माझ्यासाठी सावलीतली जागा रिकामी करून घेतली. मग पाणी आणून दिलं आणि म्हणाला, इस्पितळ कोणतं ते तरी विचारू, नाहीतर नागानोत कुठे शोधत फिरणार. तुझ्या पत्राच्या मागे शेताचा नंबर होता, त्यावर त्याने लावला. पुढचं तुला माहीत आहे. फोन तुटल्यावर मला म्हणाला, "आजी, ती जेवतेय म्हणे. भरपूर."

बोटीत बरेच लोक होते, सगळे ऐकत होते. मासळीवाली हागिनो म्हणाली, "मग पू कोणाला झालाय?"

आणि सगळ्यांनी टोपलीकडे बघितलं.

काएदे, मी आयुष्यात एवढी मूर्ख ठरले नाही आणि त्याबद्दल एवढी आनंदीही कधी झाले नाही. तू बरी आहेस हे कळलं त्याच क्षणी पायांशी जीव जातोय हेही कळलं. कशासाठी रडू ते समजेना, म्हणून भाताचा गोळा खाल्ला. हागिनोने उतरल्या उतरल्या आपली मासळीची गाडी पुढे घातली आणि आम्हाला थेट दवाखान्याच्या दारात सोडलं. दवाखान्यातली सगळी मांजरं आमचा वास घेत उभी राहिली.

डॉक्टर सोगाबे तरुण मुलगी आहे. इरिकोच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाली, आत्ताच घेते. जाता जाता तिने कान धरून उजेडात बघितला. "आजी, हा साकुरा नाही. कात्रीची खाच कडेला सरळ असते. ही कुणाच्यातरी दातांची आहे." अख्खं बेट तो कान बघून निश्चिंत होतं, आणि बेटाला फसवलं कोण, तर एका बोक्याने.

मी बाहेर बाकावर बसले. बसायला निघालेच होते, तर बसले.

नंतर तिने मला ती पिशवी दाखवली. मीच बघायची म्हटलं. निरोगी असती तर दोरीएवढी बारीक, ही माझ्या मनगटाएवढी. एवढं पोटात घेऊन ती माझ्या पायावर येऊन झोपत होती, माझा गुडघा शेकायला. मी तिला निर्लज्ज म्हणत होते.

सोगाबेला मी विचारलं, हे माझ्याकडून झालं का. ती म्हणाली, नाही, पण पुढच्या मांजरीच्या वेळी लक्षात ठेवा. दर माजाला पिशवी पिल्लांसाठी तयार होते, पिल्लं आली नाहीत तरी होते, आणि कधीतरी त्या तयारीत जंतू शिरतात. तब्येत चांगली असताना ऑपरेशन केलं तर मांजर दुसऱ्या दिवशी घरी जाऊन कपाटावर उडी मारते. पहिल्या माजाच्या आधी केलं तर स्तनांच्या गाठींची भीतीही पुष्कळ कमी होते, आणि मांजरींत त्या गाठी बहुतेक वाईटच निघतात. मी म्हटलं, हे परत होईल का? म्हणाली, "पिशवीच नाही, तर होणार कुठे?"

इरिकोला दवाखान्यातच सुया लावून ठेवलंय अजून. आज सकाळी माझं बोट चाटलं आणि मग चावलं. सोगाबे म्हणाली, चावणं चांगलं लक्षण आहे.

तुझ्या चितोसे काकूंना माझा वाकून नमस्कार सांग, कपाळ जमिनीला लागेल असा. माझा गुडघा तेवढा वाकत नाही, तूच वाकून दाखव.

तोयो

नागानो, २२ सप्टेंबर

तोयो आजी,

सकाळी धुकं इतकं दाट असतं की शेजारच्या ओळीतल्या माणसाचा फक्त खोकला दिसतो. म्हणजे ऐकू येतो. ऋतू जमला का?

मी काकूंपुढे कपाळ टेकलं. त्यांना वाटलं पैसे उसने मागतेय. मग पत्र वाचून दाखवलं. बोटीपर्यंत आलं आणि मला पुढे वाचता येईना, काकूंनी माझ्या हातातून घेऊन उरलेलं वाचलं. त्याही बाकावर आल्यावर थांबल्या. शेवटी काकांनी पूर्ण केलं, त्यांना वाचताना विरामचिन्हं पाळायची सवय नाही म्हणून जमलं.

आजी, मी एवढी गावं बदलली. आजारी पडले तर कोण येईल, हे स्वतःला कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही. एक म्हातारी चांगलं जाकीट घालून मांजर टोपलीत घेऊन नागानोला निघते, तेही मला काही झालेलं नसताना. याचे आभार कसे मानतात ते मला शिकवलेलं नाही. तू मला ऋतू शिकवलास तसं हेही शिकव.

मला जमतं ते केलंय. शेडमागे एक अर्धवट वयाची मांजर आहे, पिंजरेवाल्यांच्या हातून निसटलेली, उंदराच्या रंगाची, भयंकर चावरी. अजून एकदाही माजावर आलेली नाही. तिला मी गावातल्या मंडळींकडे नोंदवली. धरताना माझ्या हाताची चाळण झाली. कानाची खाच मी स्वतः बघून येणार, कात्रीची आहे याची खात्री करून.

इरिकोला माझी उशी कायमची दिली असं सांग.

काएदे

बेटावरून, ८ ऑक्टोबर

काएदे,

संत्र्यांच्या पाठीवर पिवळा रंग चढू लागलाय आणि बोटीवरून दिसणारा डोंगर सकाळी अगदी जवळ आल्यासारखा वाटतो.

सोबत पुडकं आहे. ते माझं नाही, इरिकोचं आहे. आजारातून उठलेल्या माणसाने ज्यांनी धावपळ केली त्यांना भेट द्यायची असते, तुला हे कुणी शिकवलं नसणार. आभार कसे मानतात विचारलं होतंस ना, असे मानतात. वापरून संपेल अशीच वस्तू द्यायची, साबण, साखर, म्हणजे आजाराचं मागे काही उरत नाही.

दुकानदार कागदावर नाव घालायला बसला. "आजारी कोण होतं?"

"ओची इरिको." आडनाव माझंच लावलं.

"नात का?"

"म्हण."

मग खरं सांगितलं, नाहीतर तो तिच्या शाळेची चौकशी करणार होता. त्याने लेखणी ठेवली नाही, मान डोलावली आणि तितक्याच सुंदर अक्षरात नाव घातलं. वरच्या दोरीला दोन प्रकारची गाठ असते. बारशाला सहज सुटणारी, म्हणजे असं सुख पुन्हा पुन्हा यावं. लग्नाला आणि आजाराला न सुटणारी, म्हणजे हे पुन्हा येऊ नये. तो म्हणाला, "माणसांना ही बांधतो तेव्हा मी आपली आशाच बांधतो. तुमच्या मांजरीचं मात्र नक्की आहे." आणि करकचून ओढली.

हागिनोला साखर दिली, इशिमारुला साबण. तो आता प्रत्येक उतारूला कान तपासून बोटीत घेतो, विशेषतः बायकांना. सोगाबे पुढच्या महिन्यात पिंजरे घेऊन बेटावर येणार आहे. कान नाही, पोटावरची टाक्यांची खूण बघणार. ज्यांच्या घरी साकुरा कान आहे ते सगळे आपापली मांजर उलटी करून बसलेत.

इरिकोच्या पोटावर आता केस येताहेत. ती जेवते, पाणी माणसासारखं पिते आणि माझ्या पायावर झोपते. गुडघा बरा आहे.

तोयो

नागानो, २७ ऑक्टोबर

तोयो आजी,

डोंगरावर पहिलं दहिवर पडलं, लेट्यूस संपत आले, आणि आम्ही सगळे भाजलेल्या रताळ्यांवर जगतोय.

पुडक्यातला साबण मी फोडलाच नव्हता. इरिकोच्या नावाचा कागद, ती गाठ, सगळं खिडकीत मांडून ठेवलं होतं. माझ्या नावाने कुणी असं पुडकं पाठवलेलं मला आठवत नाही. चितोसे काकूंनी बघितलं आणि ओरडल्या, "हे शोभेला नसतं, मुली. ठेवलास तर आजार तसाच राहतो. झिजव तो."

गाठ सुटली नाही, कात्रीनेच कापावी लागली. मग अंगणातल्या नळावर रांग लागली. काकूंनी हात धुतले, काकांनी कोपरापर्यंत धुतले, गोमाला अख्खी धुतली, ती नाराज झाली. उंदराच्या रंगाची मांजर ऑपरेशनहून दुसऱ्याच दिवशी परत आली होती, ती शेडच्या छपरावर बसून आमच्याकडे बघत होती. तिच्या कानाची कड अगदी सरळ आहे, मी उजेडात धरून बघितली.

कामावरून आल्यावर रोज सगळ्यांच्या शेवटी मी हात धुते, सावकाश. फेस भरपूर येतो. आजी, आता बोटाएवढा उरलाय.

काएदे